विनामूल्य संध्याकाळ आणि ‘वसुली’चा हिशेब

समकालीन कलेची अनेक संग्रहालये आठवड्यातील एक संध्याकाळ विनामूल्य खुली ठेवतात आणि त्या संध्याकाळी व्याख्यान, मार्गदर्शकासोबतची फेरी, संगीत किंवा एखादा प्रयोगही योजतात, अशी छोटी नोंद या सदराच्या मागील अंकात आली होती. तिच्यावर अपेक्षेपेक्षा बरीच पत्रे आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून त्यांतील काहींची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : ‘विनामूल्य’ म्हटले की त्यामागे काहीतरी अट असतेच, असा माझा अनुभव आहे. या संध्याकाळींचेही तसेच आहे का? (कलाशाखेचा एक विद्यार्थी)

उत्तर : अटी असतात. त्या लपवलेल्या नसतात, पण बारीक अक्षरांत असतात, म्हणून निघण्यापूर्वी संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील त्या आठवड्याची माहिती वाचून घ्यावी. सर्वांत नेहमीची अट रहिवासाची असते. न्यूयॉर्कचे म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट, म्हणजे सगळे ज्याला ‘मोमा’ म्हणतात ते, शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ विनामूल्य असते, पण केवळ न्यूयॉर्क राज्याच्या रहिवाशांना. शिकागोच्या समकालीन कला संग्रहालयातील विनामूल्य मंगळवारही इलिनॉय राज्याच्या रहिवाशांसाठीच आहे. याउलट न्यूयॉर्कच्याच व्हिटनी संग्रहालयात शुक्रवारी पाच ते दहा या वेळात तुम्ही कोठून आलात हे कोणी विचारत नाही. माद्रिदच्या रेइना सोफिया संग्रहालयाने तर ‘आठवड्यातून एकदा’ हा हिशेबच ठेवलेला नाही. मंगळवारची सुट्टी सोडली तर सोमवार ते शनिवार संध्याकाळचे शेवटचे दोन तास, सात ते नऊ, तेथे कोणालाही पैसे पडत नाहीत.

दुसरी अट आगाऊ नोंदणीची. पैसे द्यायचे नसले तरी अमुक वेळेची प्रवेशिका आधी घ्यावी लागते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. एका संग्रहालयाच्या दाराशी पाऊण तास रांगेत उभे राहिल्यावर ही गोष्ट मला कळली, आणि ती सांगणाऱ्या रक्षकाचा चेहरा माझ्यापेक्षा अधिक ओशाळलेला होता. तिसरी अट म्हणजे बाहेरून मागवलेल्या मोठ्या खास प्रदर्शनांना या संध्याकाळीही वेगळे तिकीट असू शकते. त्याचे वाईट वाटून घेऊ नये, कारण संग्रहालयाचा स्वतःचा संग्रह हा सहसा अधिक निवांत आणि पुष्कळदा अधिक चांगला भाग असतो.

प्रश्न : मी आयुष्यभर हिशेब तपासण्याचे काम केले. दारे उघडी ठेवायची, दिवे लावायचे, रक्षक नेमायचे आणि पैसे मात्र घ्यायचे नाहीत, हे कोणाच्या खर्चाने चालते? आणि हा उपकार कशासाठी? (एक निवृत्त लेखापाल)

उत्तर : उपकार हा शब्द मला मान्य नाही, आणि त्यामागे इतिहास आहे. संध्याकाळी संग्रहालय उघडे ठेवण्याची कल्पना समकालीन कलेहून पुष्कळ जुनी आहे. लंडनचे साउथ केन्सिंग्टन संग्रहालय, म्हणजे आजचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, १८५७ मध्ये उघडले तेव्हा त्याचे प्रमुख हेन्री कोल यांनी दालनांत गॅसचे दिवे लावून घेतले. दिवसभर कारखान्यात किंवा दुकानात राबणारा माणूस उजेडी येऊ शकत नाही, तर त्याच्यासाठी अंधार पडल्यावर दार उघडे हवे, असा त्यांचा साधा व्यवहारी विचार होता. आठवड्यातील काही दिवस प्रवेश विनामूल्य होता आणि उरलेले दिवस अभ्यासकांसाठी राखून त्यांना सहा पेन्स आकारले जात. संध्याकाळ आणि विनामूल्य या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या अशा, आणि दोन्हींचे कारण एकच होते : कामकरी माणसाजवळ ना दिवस मोकळा असतो, ना वरखर्चाचे पैसे.

आधुनिक आणि समकालीन कलेच्या संग्रहालयांना हाच विचार पुढे कलावंतांनी ऐकवला, आणि तो विनंतीच्या सुरात नव्हता. १९६९ च्या जानेवारीच्या प्रारंभी ताकिस या ग्रीक शिल्पकाराने मोमातील एका प्रदर्शनातून स्वतःचेच शिल्प उचलले आणि ते घेऊन तो संग्रहालयाच्या बागेत गेला. शिल्प संग्रहालयाच्या मालकीचे होते, पण ती विशिष्ट कृती त्या प्रदर्शनात मांडण्यास त्याची संमती नव्हती. या घटनेतून ‘आर्ट वर्कर्स कोअ‍ॅलिशन’ ही कलावंतांची आघाडी उभी राहिली आणि त्याच महिन्यात तिने संग्रहालयासमोर तेरा मागण्या ठेवल्या. त्यांतली एक तुमच्या प्रश्नाशी थेट भिडते : संग्रहालय आठवड्यातून दोन संध्याकाळी मध्यरात्रीपर्यंत उघडे असावे आणि प्रवेश सदैव विनामूल्य असावा. बहुतेक मागण्या बासनात गेल्या, पण १९७० मध्ये मोमाने आठवड्यातील एक विनामूल्य दिवस सुरू केला. आज ज्या संध्याकाळी आपण सहज आत जातो, तिच्यामागे अशी घासाघीस आहे, म्हणून उपकार म्हणवत नाही.

आता खर्चाचे. इमारत, वातानुकूलन, विमा, संग्रहाची निगा हा मोठा खर्च दार बंद असतानाही चालूच असतो. एका संध्याकाळी वाढतो तो मुख्यतः रक्षकांच्या आणि कार्यक्रमाच्या माणसांच्या वेतनाचा. हा वाढीव भाग कोणी देणगीदार किंवा प्रायोजक उचलतो. मोमाच्या शुक्रवारला आधी एका अमेरिकी विक्रीसाखळीचे नाव होते आणि २०१३ पासून एका जपानी कपडेवाल्या कंपनीचे आहे. व्हिटनीत पंचवीस वर्षांपर्यंतच्या सर्वांना २०२४ च्या अखेरीपासून सर्व दिवस प्रवेश विनामूल्य झाला तो ज्यूली मेहरेतू या चित्रकर्तीने दिलेल्या वीस लाख डॉलरांहून अधिक देणगीमुळे. ब्रिटनमध्ये हा भार सरकारी तिजोरीवर आहे : तेथील राष्ट्रीय संग्रहालयांचा कायमचा संग्रह डिसेंबर २००१ पासून सर्वत्र विनामूल्य पाहता येतो, त्यामुळे तेथे ‘विनामूल्य संध्याकाळ’ असे वेगळे काही उरलेलेच नाही. तुमच्यासारख्या तपासनीसाला मी एवढेच सुचवीन की प्रायोजकाचे नाव प्रवेशिकेवर किती मोठ्या टायपात आहे हेही पाहावे. तोही जमाखर्चाचाच भाग आहे.

प्रश्न : कामावरून सुटून पोहोचेपर्यंत सात वाजतात आणि साडेआठला दारे बंद होतात. दीड तासात चार-पाच मजले कसे पाहून होतील? काही क्रम सुचवाल का? (रुग्णसेवेत काम करणारी वाचक)

उत्तर : पाहून होणार नाहीत, आणि करूही नयेत. या सदरात मला काही आग्रहाने सांगायचे असेल तर ते हेच. तिकीट काढले की आपल्यातला हिशेबी माणूस जागा होतो. पैसे वसूल झाले पाहिजेत म्हणून आपण एकही दालन न सोडता चालत राहतो आणि घरी येतो तेव्हा पाय तेवढे दुखत असतात. जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ यांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात प्रेक्षक एकेका कलाकृतीसमोर किती वेळ थांबतात हे मोजले होते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सरासरी वेळ २७.२ सेकंद निघाला. निम्मे प्रेक्षक तर १७ सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते, आणि त्यात शेजारची माहितीपट्टी वाचण्याचा वेळही आला. विनामूल्य संध्याकाळी वसूल करण्याजोगे काहीच नसते. तुम्ही एक कृती पाहून वीस मिनिटांत बाहेर पडलात तरी तुमचे काही बुडत नाही.

आणि खरे सांगायचे तर ‘विनामूल्य’पेक्षाही ‘साप्ताहिक’ हा शब्द मला अधिक मोलाचा वाटतो. पुढच्या आठवड्यात पुन्हा येता येणार आहे, एवढ्या एका खात्रीने पाहण्याची रीतच बदलते. उदाहरण देतो. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या संग्रहात फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस यांची १९९१ ची एक कृती आहे. रंगीत, चकचकीत कागदांत गुंडाळलेल्या खाऊच्या गोळ्यांचा एक ढीग, बस्स. ना चौकट, ना काच, ना अडवणारी दोरी. त्याचे आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो, ठरवलेले आहे आणि आलेल्याने त्यातली एक गोळी उचलून न्यायची मुभा आहे. कृतीच्या नावात कलावंताचे जोडीदार रॉस यांचा उल्लेख आहे, आणि रॉस त्याच वर्षी एड्सने गेले. ते १७५ पौंड म्हणजे रॉस यांचे निरोगीपणातले वजन, असे बहुतेक जण वाचतात. एकदाच आलेल्याला हा एक ढीग दिसतो. पण जो आठवड्यामागून आठवडे येतो, त्याला ढिगाचा उतार बसत चाललेला दिसतो, आपण नेलेली गोळीही त्या घटीत आहे हे कळते, आणि एखाद्या संध्याकाळी तो ढीग पुन्हा भरून ठेवलेला दिसतो. दीड तासाच्या एका भेटीत हे कसे पाहणार?

क्रम हवाच असेल तर हा घ्या : पहिली दहा मिनिटे कोठेही न थांबता एका मजल्यावरून चक्कर मारा, ज्या एका कृतीकडे मान आपोआप वळली तिच्याकडे परत या, आणि बाक असेल तर बसा. दिवसभर उभ्याने काम करणाऱ्या व्यक्तीला बाक कोठे आहे हे विचारण्याचा संकोच वाटू नये. रक्षकांना ते नेमके ठाऊक असते.

प्रश्न : भिंतीवरची माहितीपट्टी आधी वाचावी की कलाकृती आधी पाहावी? मी दोन्ही करून पाहिले. पहिल्या प्रकारात मला पट्टीत लिहिलेलेच दिसते, आणि दुसऱ्यात काहीच समजत नाही. (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : आपण प्रश्न इतका अचूक मांडला आहे की अर्धे उत्तर त्यातच आले. दोन पट्ट्या आहेत असे समजावे. वरच्या भागात कलावंताचे नाव, जन्मवर्ष, कृतीचे नाव, तिचे वर्ष, साहित्य, मापे आणि ती संग्रहालयाला कशी मिळाली याची एक ओळ असते. हा भाग आधी वाचायला हरकत नाही, कारण तो अर्थ सांगत नाही, वस्तुस्थिती सांगतो. त्याखालचा परिच्छेद मात्र क्युरेटरने, म्हणजे कृतींची निवड आणि मांडणी ठरवणाऱ्या तज्ज्ञाने, लिहिलेला असतो. तो शेवटी वाचावा आणि वर्गात एखाद्या हुशार विद्यार्थ्याचे उत्तर ऐकावे तसा वाचावा, म्हणजे कौतुकाने, पण गुण राखून.

वरच्या भागातील साहित्याची ओळ फार लोक सोडून देतात. ‘कॅनव्हासवर तैलरंग’ असेल तर ठीक, पण समकालीन कलेत तेथे माती, केस, निऑनच्या नळ्या, जुनी कागदपत्रे, मेण, आवाज असे काहीही असते, आणि पुष्कळदा कृतीची किल्ली त्याच ओळीत सापडते. देणगीची ओळही वाचण्यासारखी असते : कोणाच्या संग्रहातून आली, विकत घेतली की कलावंताने स्वतः दिली. शेवटी येणाऱ्या नोंदणी क्रमांकात बहुतेक ठिकाणी एक वर्ष दडलेले असते, ते कृती संग्रहात आल्याचे. कृती झाल्याचे वर्ष आणि संग्रहालयाने ती स्वीकारल्याचे वर्ष यांत तीस-चाळीस वर्षांचे अंतर दिसले, तर या कलावंताकडे इतकी वर्षे कोणी पाहिले नाही आणि का, हा प्रश्न आपल्या आपणच पडतो.

समजले नाही याची लाज मात्र बाळगू नये. विनामूल्य संध्याकाळी मार्गदर्शकासोबतची फेरी असेल तर तिच्यात सामील व्हावे, आणि ती चार-पाच कृतींपुरतीच असेल तर अधिक चांगले. मार्गदर्शकाला ‘याचा अर्थ काय’ असे विचारल्यास तो पट्टीवरचाच परिच्छेद सांगेल. ‘हे येथे, याच भिंतीवर का लावले’ असे विचारल्यास त्याला थांबून विचार करावा लागेल. चाळीस वर्षे प्रश्न विचारण्याचा सराव असलेल्या व्यक्तीला याहून अधिक काय सांगणार?

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाला संध्याकाळी न्यावे का? (एक पालक)

उत्तर : न्यावे, पण पहिल्या तासात न्यावे आणि त्याच्या कंटाळ्याआधी बाहेर पडावे. काही मांडणशिल्पांना, म्हणजे दालनभर वस्तू मांडून केलेल्या कृतींना, हात लावता येतो आणि बहुतेकांना येत नाही. हा भेद मोठ्यांनाही चटकन कळत नाही, तेव्हा प्रत्येक दालनाच्या दाराशी विचारून घ्यावे. कृतीपासून मुलाच्या दोन हातांएवढे अंतर राखण्याचा खेळ लावून दिला तर रागवावे लागत नाही. चित्र काढायचे असल्यास पेन्सिलच न्यावी, कारण दालनात शाई आणि रंग सहसा चालत नाहीत. झगमगत्या उजेडाच्या किंवा मोठ्या आवाजाच्या दालनांबाहेर तशी सूचना असते. तेथे आधी एकट्याने डोकावून यावे.

प्रश्न : गेल्या महिन्यात एका विनामूल्य संध्याकाळी गेलो, तर खालच्या मजल्यावर वाद्ये वाजत होती, तरुण मंडळी हास्यविनोदात रमली होती आणि चित्रांकडे पाठ करून छायाचित्रे काढली जात होती. ही कलेची संध्याकाळ की जत्रा? (महाविद्यालयातील एक प्राध्यापक)

उत्तर : आपली तक्रार निम्मी मान्य आहे. चित्राकडे पाठ करून काढलेल्या छायाचित्राबद्दल माझे मत आपल्यासारखेच आहे. परंतु गर्दी आणि गप्पा कलेच्या बाहेरच्या आहेत असे म्हणताना समकालीन कलेपुरते जरा जपून बोलावे लागते. १९९२ मध्ये रिरक्रित तिरावनिज यांनी न्यूयॉर्कमधील एका कलादालनाच्या कार्यालयातील सामान बाहेर मांडले, आतल्या मोकळ्या जागेत चूल मांडून थाई रस्सा-भात रांधला आणि येईल त्याला तो विनामूल्य वाढला. त्या कृतीला त्यांनी शीर्षक दिले नाही, फक्त ‘फ्री’ हा शब्द जोडला. तेथे भिंतीवर पाहण्यासारखे काही नव्हते. अनोळखी माणसे एकत्र बसून जेवत आणि बोलत होती, तीच कृती होती. पुढे ही कृती मोमाच्या संग्रहात आली आणि तेथेही पुन्हा मांडली गेली. तेव्हा खालच्या मजल्यावर हसणाऱ्या त्या मुलांना एखाद्या क्युरेटरने माहितीपट्टी लावली असती, तर आपण त्यांच्याकडे अधिक आदराने पाहिले असते का, हे तपासून पाहावे असे मी अदबीने सुचवतो.

एक व्यवहारी उपाय आहे. संगीत बहुधा तळमजल्यावर आणि पहिल्या दोन तासांत असते. लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर जावे आणि पायऱ्यांनी खाली यावे. गर्दी खालून वर चढत असते, त्यामुळे आपली आणि तिची गाठ मधल्या मजल्यावर एकदाच पडते. दार बंद होण्याआधीचा पाऊण तास तर जवळजवळ आपला एकट्याचाच असतो. त्या वेळी रक्षकही बोलके होतात, आणि महिनोन्‌महिने एकाच कृतीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाला तिच्याविषयी जे दिसलेले असते ते कोणत्याही पुस्तिकेत छापलेले नसते.

प्रश्न : अंधाऱ्या खोलीत चित्रफीत चालू असते आणि मी नेहमी मधेच पोहोचतो. सुरुवात होईपर्यंत बाहेर थांबावे काय? (एक वाचक)

उत्तर : दाराबाहेरच्या पट्टीवर फितीची लांबी लिहिलेली असते. ती सात मिनिटांची असेल तर थांबावे, पन्नास मिनिटांची असेल तर आत जाऊन बसावे. अशा कृती बहुतांशी फिरत्या असतात, संपल्या की पुन्हा सुरू होतात, आणि प्रेक्षक मधेच येणार हे धरूनच अनेक कलावंत त्या रचतात. आत शिरल्यावर डोळ्यांना अंधार सरावेपर्यंत भिंतीशी उभे राहावे, नाहीतर कोणाच्या तरी मांडीवर बसण्याचा प्रसंग येतो.

संध्याकाळीच येणाऱ्या प्रेक्षकाला मात्र एका कृतीने चांगलेच पेचात टाकले आहे. ख्रिश्चन मार्क्ले यांची ‘द क्लॉक’ ही २०१० ची चित्रफीत चोवीस तासांची आहे. घड्याळे किंवा वेळेचे उल्लेख असलेले चित्रपटांतील हजारो तुकडे जोडून ती केली आहे, आणि ती स्थानिक वेळेशी जुळवूनच दाखवली जाते : तुमच्या मनगटावर सात वाजून बारा मिनिटे झाली असतील तर पडद्यावरच्या घड्याळातही सात बाराच वाजलेले असतात. २०११ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात तिला सुवर्णसिंह मिळाला. आता गंमत पाहा. विनामूल्य संध्याकाळीच येणारा प्रेक्षक ही कृती कितीही आठवडे पाहो, त्याच्या वाट्याला नेहमी त्याच वेळा येणार : कामावरून सुटणारी माणसे, स्थानकावरची धावपळ, रात्रीच्या जेवणाची टेबले. पहाटे तीनचे अस्वस्थ डोळे आणि सकाळची खणखणणारी गजराची घड्याळे त्याला कधीच दिसणार नाहीत. पहाटेच्या तासांची सोय काही संग्रहालयांनी केली. लंडनच्या टेट मॉडर्नने २०१८ मध्ये काही रात्री ही फीत रात्रभर दाखवली. सकाळी अकराच्या तुकड्यासाठी मात्र, आठवड्याच्या संध्याकाळीविषयी इतके लिहून झाल्यावर कबूल करतो, जेथे दिवसा प्रवेशशुल्क असते अशा ठिकाणी एक दिवस तिकीट काढावे लागेल.